एकतीस

जुन्या बाजारात, रविवारी,
कय्यूम भंगारवाल्याच्या ताडपत्रीवर
बामच्या, टिंक्चरच्या, ग्राइपवॉटरच्या बाटल्यांत
ती आडवी पडली होती, तोंड उघडं टाकून.
कय्यूम किलोवर विकत होता.
मी म्हणाले, ही एकटीच दे.
तरी त्यानं ती तागडीत टाकलीच.
एकशे ऐंशी ग्रॅम.
सुट्टे नव्हते म्हणून दहा रुपये.

मी चष्म्याची बाई. गुलमंडीत दुकान.
काच उजेडात धरल्याशिवाय
मला तिच्याशी बोलता येत नाही.
ही साच्यातली नव्हे, फुंकलेली.
फुंकणारा मध्येच कुणाच्या तरी हाकेला वळला असावा,
एका खांद्यात किंचित कलली आहे.
पोटात हिरवा पीळ, गोटीत असतो तसा,
पण हा सावकाश चढत जातो
आणि मानेपाशी विचार बदलतो.
बुडाशी कोरलेली सही. लागत नाही.
खाली आकडा, ३१.
मानेच्या आत, नखाला कळेल एवढाच, पुन्हा ३१.
बूच नाही.

घरी बावीस कुप्या आहेत. बावीसही बुचं
मी तिला लावून पाहिली, माहीत असूनसुद्धा.
बूच घासून बसवतात,
कुरुंदाची पूड, पाणी, काचेवर काच,
एकमेकींच्या चुका पाठ होईपर्यंत.
मग दोघींवर एकच आकडा.

तीन वर्षांनी मोईजोद्दीन काझी आले,
परभणीचे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर,
मेहुण्याकडे उतरलेले, जवळचा नंबर वाढलेला.
नव्या चष्म्यातून त्यांनी आधी वर्तमानपत्र नाही पाहिलं,
माझ्या गल्ल्याशेजारची फळी पाहिली.
‘इसका ढक्कन मेरे कने है, बाई.’

विकता का?
नक्को. तुम्ही?
मीपण नाही.

म्हणून जालना. दोघांनाही मधलं.
डिसेंबरातला दुसरा शनिवार, फलाट एकची वेटिंग रूम.
त्यांचं बूच होमिओपॅथीच्या पत्र्याच्या डबीत, कापसात,
करडईच्या फुलाचा रंग, थेंब उलटा धरल्यासारखं.
माझी कुपी लेन्सच्या खोक्यात.
बसताना जो आवाज होतो
त्याला आवाज म्हणायचं की नाही, यावर एकदा वाद झाला.
पाच-सात मिनिटं बघायचं.
ते म्हणत, बगदादहून एका नर्सनं आणली.
मी म्हणे, वेरूळला आलेला कुणी पाहुणा
रेस्ट हाउसवर विसरला.
दोघंही थापा मारत होतो. चहा कधी ते पाजत, कधी मी.
मग हलकेच पिरगाळून काढायचं,
आपापलं अर्धं घेऊन
ते पूर्वेला, मी पश्चिमेला.

पाचव्या वर्षी हवा बोचरी होती.
मी खोकं विसरले, कुपी शालीत धरून आणली.
गळा उबदार होता, बूच पत्र्यातलं, गारठलेलं.
ठेवलं आणि गळा निवत निवत आवळत गेला.
त्यांनी पिळलं. मी पिळलं.
चहावाल्या पोरानं हात पुढे केला,
दोघंही एकदम ओरडलो.

पॅसेंजर लागली होती.
मास्तर कुपीकडे बघत होते, कुपी माझ्या हातात.
दोन थेंब तेल, कोमट फडकं, अर्धा तास.
काचेत जन्म गेला माझा, मला माहीत होतं.
मी बोलले नाही.
शाळेतल्या गोंदाच्या बाटल्या
आयुष्यभर त्यांनी अशाच उघडल्या असतील.
तेही बोलले नाहीत.
‘इस साल तुम रखो,’ म्हणाले,
आणि रिकामी डबी खिशात घालून चढले.

तेव्हापासून ती फिरती आहे. सहा महिने इकडे, सहा तिकडे.
तिच्यात अत्तर कधी नव्हतंच.
आता आत जालना आहे. फिनाइल,
उकळून कडू झालेला चहा,
गाडीची घोषणा होत असतानाची हवा.

सध्या परभणीला आहे.
काल फोन आला. ‘खिडकीत रखूं क्या, बाई?
पीळ क्या दिसताय उजेडात!’

उन्हात नको, मी म्हणाले.
निघेल.